आधी जेव, मग बोलू

आजचे वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ६, खंड ७.

गेले काही दिवस आपण उद्दालक आरुणी आणि त्यांचा मुलगा श्वेतकेतू यांचा संवाद वाचतोय. बाराव्या वर्षी गुरूकडे गेलेला श्वेतकेतू चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून घरी आला, आणि जरा ताठ्यातच आला. वडिलांनी त्याला रागावून काही सांगितलं नाही. आजच्या खंडात ते त्याला एवढंच म्हणतात की, पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. पोरगा तसं करतो. सोळाव्या दिवशी वडील म्हणतात, आता वेद म्हणून दाखव. त्याला एक ऋचा आठवत नाही. बारा वर्षांचं पाठांतर गायब!

मग उद्दालक समजावतात. मोठा जाळ विझत विझत काजव्याएवढा एकच निखारा उरला, तर त्याच्यावर काय शिजणार? तुझं तसं झालंय. सोळा कलांपैकी एक उरलीय. जा, जेवून ये, मग मी काय म्हणतो ते तुला कळेल. श्वेतकेतू जेवून येतो आणि विचारलेलं सगळं घडाघडा सांगतो. निखाऱ्यावर वाळलेलं गवत घालून फुंकर मारली की जाळ पुन्हा होतो, तसं. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे उद्दालकांना सांगायचं होतं.

हा खंड मी आधीही वाचला होता. चांगली गोष्ट आहे म्हणून पुढे गेलो होतो. आता तो माझ्या घरात घडल्यासारखा वाटतो. का, ते आज लिहितो. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. हिला विचारलं. ही म्हणाली, "लिहा, पण माझं नाव घालू नका. आणि स्वतःला फार शहाणं करून लिहू नका." दोन्ही पाळायचा प्रयत्न करतो.

हिला टाइप वन मधुमेह आहे, वयाच्या चौदाव्या वर्षापासून. लग्नाआधी तिच्या वडिलांनी काही न लपवता सगळं सांगितलं होतं. आपल्याकडे 'शुगर' म्हटलं की लोकांना पन्नाशीतला, पोट सुटलेला माणूस दिसतो. हा आजार तो नव्हे. यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक शक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड जास्त खाल्ल्यानं हा होत नाही आणि गोड सोडल्यानं जात नाही. बाहेरून इन्सुलिन घ्यावंच लागतं, रोज, जन्मभर. सुश्रुतसंहितेतही प्रमेहाचे दोन प्रकार सांगितलेत, एक जन्मजात आणि एक अपथ्यातून आलेला. म्हणजे सगळेच रोगी आपल्या जिभेमुळे आजारी पडत नाहीत, हे आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. मंद्रूपच्या पेठेत माझ्या दुकानात येणाऱ्या मावश्यांना मात्र ते अजून पटवून द्यावं लागतं.

इन्सुलिन हे जीवन आहे, पण ते सुटलेल्या बाणासारखं आहे. निरोगी माणसाची साखर उतरायला लागली की स्वादुपिंड आपलं इन्सुलिन आवरतं घेतं. सुईनं टोचलेलं इन्सुलिन परत बोलावता येत नाही. तुम्ही दोन भाकरी खाल्ल्या का अर्धी, जास्त चाललात का, हे त्याला कळत नाही. ते आपलं काम करत राहतं. साखर ७० च्या खाली गेली की डॉक्टर 'लो' म्हणतात, ५४ च्या खाली गेली की ते गंभीर. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीर स्वस्थ असतानाही एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो, आणि त्याचं मुख्य खाद्य साखर. त्याच्याकडे साठवणही फारशी नाही. चूल पेटती, पण बाजूला सरपण नाही.

गेल्या वर्षीची आषाढी. आदल्या दिवशी दशमी म्हणून हिनं रात्रीचं जेवण नावापुरतंच केलं. संध्याकाळी देवळात जाऊन आली होती, दिवसभर शिवणाचं काम होतंच. इन्सुलिन मात्र सवयीनं रोजचंच घेतलं गेलं. रात्री साडेतीनच्या सुमारास मला जाग आली ती तिच्या बडबडण्यानं. हात लावला तर अंग घामानं चिंब, चादरसुद्धा ओली. मी दिवा लावला, बोटाला सुई टोचली. ४१.

माझं किराणा दुकान आहे. साखरेची पोती रचलेली असतात. आणि त्या वेळी स्वयंपाकघरात साखरेचा डबा उघडताना माझे हात कापत होते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आणली. ती उठून बसली होती, डोळे उघडे होते, गिळू शकत होती. पण वाटी पुढे केली की हातानं ढकलायची. हिचं माहेर सीमेपलीकडं, लहानपणाची भाषा कन्नड. एरवी माझ्याशी मराठीच बोलते. त्या वेळी मराठी गेलीच होती. "ब्याड, ब्याड," म्हणत होती. नको, नको. मी एका हातानं खांदा धरला आणि वाटी ओठाला लावली, तेव्हा ती एकदम मराठीत म्हणाली, "तुम्हाला मी मेलेलीच पाहिजे."

तरी मी सोडलं नाही. घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी ६३. पुन्हा तीन चमचे. आणखी पंधरा मिनिटांनी ९६. मग ती थकून माझ्याकडे बघत म्हणाली, "काय झालं हो? तुम्ही का रडायलाय?" तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. नंतर एकदम आठवलं ते एवढंच की आज एकादशी. "माझा उपवास मोडला!" आई तोवर उठून आली होती. ती म्हणाली, "अगं, साखर उपासाला चालतीया. दूध पी, केळ खा. कुठं मोडला?" त्या पहाटे आमच्या घरात सगळ्यांत मोठी वेदान्ती आईच होती.

आता चिंतनाकडे येतो. त्या रात्रीनं माझ्यापुढे तीन प्रश्न टाकले.

पहिला प्रश्न : ते वाक्य कोण बोललं?

आपल्याकडे म्हणतात, दारूत आणि तापात माणूस खरं बोलतो. पोटातलं ओठावर येतं. आठ दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. हिच्या मनात खोल कुठंतरी हेच आहे का? मी कुठं कमी पडलो का? कुणाला विचारू शकत नव्हतो, आणि जिला विचारायचं तिला आठवत नव्हतं.

उद्दालकांची गोष्ट मला इथं उपयोगी पडली. उपाशी श्वेतकेतूला वेद आठवेनात, तेव्हा वडील असं म्हणाले नाहीत की, 'बघ, तुझं खरं रूप बाहेर आलं, तू मुळात अडाणीच.' पंधरा दिवसांच्या उपवासानं त्याच्या मनाचा तळ दिसत नव्हता, जाळ कमी झालेला दिसत होता. अंधारात दोरी साप दिसली म्हणून दोरीच्या पोटात साप असतो असं नाही. साखर उतरली की भीती आणि चिडचिड वाढते, कारण शरीर धोक्याची घंटा वाजवत असतं आणि त्यासाठी रक्तात तीच रसायनं सोडतं जी वाघ समोर आल्यावर सुटतात. त्या रात्री तिच्यापुढे वाघ होता, आणि वाघाच्या जागी मी उभा होतो. ते वाक्य मी तिच्या खात्यावर मांडलं, ही माझी चूक. दुकानदाराला तरी कळायला हवं होतं की दुसऱ्याची उधारी तिसऱ्याच्या वहीत लिहीत नाहीत.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात नाशाची पायरी पायरीनं उतरंड सांगितली आहे. विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, इच्छा, राग, मोह, मग स्मृती जाते आणि शेवटी बुद्धी. तिथं रागानं बुद्धी जाते. लो झालेल्या माणसाचं उलटं होतं. आधी बुद्धीचं तेल संपतं, राग मागून येतो. दारू पिणाऱ्यानं पहिला पेला स्वतः उचललेला असतो, त्याचा हिशेब वेगळा. हिनं काही उचललेलं नव्हतं. बाहेरून राग एकच दिसतो, पण एक मनातून निघालेला आणि एक शरीरातून. दोघांना एकच शिक्षा हा न्याय नव्हे.

दुसरा प्रश्न : ती नको म्हणत असताना मी जबरदस्ती केली, ते बरोबर होतं का?

तुम्ही म्हणाल, यात प्रश्न कसला, जीव वाचवला. खरंय. पण 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून आपल्या घराघरांतून बायकांवर काय काय लादलं गेलंय, हे आपण सगळे जाणतो. शाळा सोडवली ती भल्यासाठी, लग्न लावलं ते भल्यासाठी. म्हणून भल्याचा हेतू एवढं कारण मला पुरेसं वाटत नाही. हेतू तर प्रत्येकाचाच चांगला असतो.

त्या दिवशी दुपारी मी तिला सगळं सांगितलं, ते एक वाक्य सोडून. आणि विचारलं, पुन्हा असं झालं तर काय करू? ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या वेळी माझं ऐकू नका. पण साखर वर आल्यावर माझंच ऐका."

या दोन वाक्यांत मला गीतेचा सगळा आराखडा दिसला. अर्जुन सुरुवातीलाच कबूल करतो की माझी बुद्धी गोंधळलीय, मी तुला शरण आलोय, मला सांग. म्हणजे कृष्णाच्या हातात लगाम आहे तो अर्जुनानं दिलेला. आणि अठरा अध्याय सांगून झाल्यावर देव काय म्हणतो? मी सांगितलं, आता तू नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष भगवंतानं शेवटी लगाम परत दिला! मग अर्जुन म्हणतो की मोह गेला, स्मृती परत आली. दुसऱ्या अध्यायात हरवलेली स्मृती अठराव्यात सापडते.

तेव्हा माझं उत्तर असं ठरलं. जबरदस्ती तीन अटींवर चालेल. शुद्धीत असताना तिनं स्वतः तसं सांगितलेलं असावं. गरजेपुरतीच असावी, तीन चमचे साखरेएवढी. आणि साखर वर आली की त्या मिनिटाला संपावी. निखाऱ्यावर गवत घालायचं काम माझं. जाळ झाल्यावर चुलीवर काय शिजवायचं, ते जिची चूल तिनं ठरवायचं.

हे लिहायला सोपं आहे. तिसरा प्रश्न त्यातूनच आला आणि त्यात मी सपशेल नापास झालो.

त्या रात्रीनंतर मी घाबरलो होतो. घाबरलेला माणूस फार लवकर हुकूमशहा होतो. दर दोन तासांनी विचारायचो, किती आहे? जेवताना ताटाकडे बघायचो. दंडाला लावायचा सेन्सर मिळतो, चौदा दिवस चालतो, साखर उतरली की मोबाइल वाजतो. तो आणू आणि माझ्याही मोबाइलवर जोडून घेऊ, असं म्हटलं. ती म्हणाली, "तुमच्या मोबाइलवर माझं रक्त कशाला?" मला राग आला. एवढं करतोय आणि ही अशी बोलते!

मग श्रावणात तिच्या बचत गटाची पंढरपूरला जायची ठरली. मी तिला न सांगता गटाच्या ताईंना फोन केला की हिचं नाव घालू नका, तब्येतीचं कारण आहे. दोन दिवसांनी तिला कळलं. ती दुकानात आली. गिऱ्हाईक उभं होतं, ते जाईपर्यंत थांबली आणि मग जे बोलली ते खरं आणि पुरेपूर बोलली. आणि मी काय म्हणालो?

"तू लो झालीयेस. आधी साखर बघ."

तिनं पिशवीतून यंत्र काढलं, गल्ल्यासमोरच बोटाला सुई टोचली आणि आकडा माझ्यासमोर धरला. १३२.

त्या १३२ पुढे मला तोंड नव्हतं. तिच्या आजारातून शिकलेली एक गोष्ट मी तिच्याच विरुद्ध वापरली होती. ४१ ला तिच्या शब्दांचं ओझं तिच्यावर टाकायचं नाही, हे मला कळलं होतं. १३२ ला तिच्या शब्दांचं वजन पूर्ण धरायचं, हे कळलं नव्हतं. रागावलेल्या प्रत्येक बाईला 'तुला बरं नाही' म्हणणं फार सोयीचं असतं. ऐकून घ्यावं लागत नाही. उद्दालकांनी पोराला जेवायला पाठवलं ते नंतर त्याच्याशी बोलण्यासाठी. मी 'आधी साखर बघ' म्हणालो ते बोलणं बंद करण्यासाठी. शब्द जवळजवळ तेच, पण त्यांचा प्रसाद होता आणि माझा फास.

संध्याकाळी मी माफी मागितली. गटाच्या ताईंनाही तिच्यासमोर फोन करून सांगितलं की चूक माझी होती. त्या दिवशी मी ते राहिलेलं वाक्यही तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आठ महिनेसुद्धा सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण सांगितलं ते बरं केलं."

मग सेन्सर आला, पण तिच्या अटीवर. गजर रात्री माझ्याकडे वाजतो, दिवसा फक्त तिच्याकडे.

थोडं व्यवहाराचंही लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हे असेल. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम झटकन लागू होणारी साखर द्यायची. म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा कप फळाचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. नंतर जेवायला वेळ असेल तर थोडं खायला द्यायचं. पेढा, चॉकलेट पहिल्यांदा देऊ नये, त्यातल्या स्निग्धतेमुळं साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी ठेवावं का आणि कसं द्यावं, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आणि उपवास करायचा असेल तर इन्सुलिनचं काय करायचं, तेही त्यांनाच विचारा. टाइप वनच्या माणसानं इन्सुलिन मनानं बंद करायचं नसतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात देवानंच सांगितलंय की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही.

आणखी एक. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, त्यांनाही मधुमेह होता. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं. १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं गेलं. त्याआधी टाइप वन झालेली पोरं वाचतच नसत. हीसुद्धा चौदा वर्षांचीच होती. शोधणाऱ्यांनी त्याचं पेटंट एकेक डॉलर घेऊन विद्यापीठाला देऊन टाकलं. फळाची आशा न धरता केलेलं कर्म म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला मी आमच्या फ्रिजच्या दारातली ती छोटी बाटली दाखवीन.

गटाची सहल शेवटी कार्तिकीनंतर गेली, गर्दी ओसरल्यावर. ही गेली. मी दिवसभर दुकानात होतो आणि सत्तर वेळा मोबाइल हातात घेऊन खाली ठेवला. संध्याकाळी तिचाच फोन आला. दर्शन छान झालं, पायावर डोकं ठेवता आलं, म्हणाली. मी म्हणालो, "बरं झालं. जेवलीस का?"

ती हसली. "एकशे अठरा. हेच विचारायचं होतं ना?"

आजची प्रार्थना : विठ्ठला, माझी बुद्धी, माझा शांत स्वभाव, माझी भक्ती असं मी ज्याला 'माझं' म्हणतो, ते सगळं तीन चमचे साखरेवर उभं आहे, याची आठवण राहू दे. ज्याचा निखारा मंद झालाय त्याच्यावर रागावण्याआधी त्याला खायला घालायची बुद्धी दे. आणि ज्याचा जाळ नीट पेटलेला आहे, त्याचं बोलणं कडू असलं तरी ऐकून घ्यायचं बळ दे.

उद्या खंड ८ वाचू.

राम कृष्ण हरी.